उडीबाईंची रेघ

उडीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हवेत होत्या. औसा तालुक्यातल्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर हजर व्हायला मी सकाळच्या गाडीने गेलो होतो. हातात ऑर्डर, अंगात लग्नातला सफारी, आणि डी.एड. कॉलेजात घोटून घेतलेली शिक्षकाची प्रतिष्ठा. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि जागीच थिजलो. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली एक बाई पदर खोचून, निऱ्या वर घेऊन, मैदानातल्या पांढऱ्या रेघेवरून उड्या मारत माझ्याच दिशेने येत होती आणि सगळी शाळा दोन्ही बाजूंनी उड्या मोजत होती. माझ्यापुढे येऊन त्या थांबल्या. दम खात म्हणाल्या, "हजर व्हायला आलात ना? जरा बाजूला सरका सर, तुम्ही नेमके अकरावर उभे आहात आणि माझी एक उडी राह्यलीय." मी सरकलो. त्या अकरावर उतरल्या, पोरांनी उत्तर सांगितलं, आणि मग कुठे त्यांनी माझी ऑर्डर हातात घेतली.

नाव त्यांचं वेगळंच होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. उडीबाई म्हणायचे. त्यांच्या तोंडावरही म्हणायचे आणि त्या खुशाल ओ द्यायच्या. त्या मूळच्या नांदेडच्या, चांगल्या शिकल्यासवरल्या घरातल्या. यजमान तिकडे कचेरीत, मुलगा कॉलेजात. बाई दर पंधरवड्याला नांदेडला जाऊन येत, एरवी गावातच खोली करून राहत. मी मात्र औशाहून गाडीने जा-ये करायचो, त्यावरून त्या मला 'पाहुणे' म्हणायच्या.

ती रेघ म्हणजे पुस्तकातली संख्यारेषा. पुस्तकात ती बोटभर असते. बाईंनी ती शाळेच्या पायरीपासून पाण्याच्या हापशापर्यंत ओढली होती, पायरीशी शून्य आणि हापशाशी वीस, चुन्याच्या फक्कीने. पुसट झाली की पुन्हा ओढायची. तीनात चार मिळवायचे तर पोराने तीनवर उभं राहायचं, पुढे चार उड्या घ्यायच्या आणि उतरलो तो आकडा मोठ्याने सांगायचा. पोरांची चूक ठरलेली असे. तीनवर उभं राहिलं की ती तीनलाच 'एक' म्हणत आणि सहावर जाऊन मोठ्या ऐटीत थांबत. मग बाई म्हणायच्या, "उभा राह्यलास ते कुणी मोजत न्हाई बाळा, उडालास ते मोज." पुढे पुढे हे वाक्य त्या मलाही ऐकवू लागल्या. मी माझ्या बी.ए.च्या फर्स्ट क्लासचा विषय काढला की हमखास.

पोरं बहुतेक अनवाणी. त्यांच्या पायाला खडा टोचू नये म्हणून बाई त्या मैदानाच्या मागे हात धुऊन लागलेल्या असत. शनिवारी शाळा सुटली की स्वतः वाकून खडे वेचायच्या, खड्डे मुरमाने बुजवायच्या, वर पाणी मारून चोपून घ्यायच्या. ते गाव दगडाचं. घरं दगडामातीची, गल्ल्या दगडाच्या, भांडणंही दगडांनी व्हायची. त्या सगळ्या गावात हाताने सारवल्यासारखी सपाट अशी ती एकच जागा होती. लग्नकार्याला लोक तीच मागायचे. "बाई, मांडव सातपासून पंधरापर्यंत घालू का?" असं विचारायला येणारे वधूपिते मी पाहिले आहेत. हळूहळू गावाने त्या रेघेचे आकडे पत्त्यासारखे वापरायला सुरुवात केली. म्हशीचा सौदा बारावर ठरायचा, म्हातारे सहावर बसून ऊन खायचे. बाईंना त्याचा कोण अभिमान.

त्यांचं आणखी एक ठाम मत होतं. नुसता आकडा म्हणून त्यांनी कधी पोराला दिला नाही. तीनवर चिमणी असायची, नाहीतर बाजाराला निघालेली आजी, नाहीतर दावं तोडून पळालेलं वासरू. मी एकदा फळ्यावर सरळ बेरजा लिहून दिल्या तर बाईंनी मधल्या सुट्टीत माझी चांगलीच हजेरी घेतली. "आकड्यावर कुणीतरी असावं लागतं, सर. कोरडा आकडा पोराच्या गळ्याखाली उतरत न्हाई. तुम्ही खाल का नुसतं पीठ?" मी म्हणालो, तुमची पोरं परीक्षेत चिमणी शोधत बसतील. त्या म्हणाल्या, "बसू द्या. सापडंल त्यांना."

बाईंची खोली होती ती मंगलच्या घरात. मंगल दुसरीत होती, आणि उड्या मारण्यात तिचा हात कुणी धरत नसे. दोन्ही पाय जोडून, वेण्या उडवत ती अशी जायची की रेघेवरचा चुनासुद्धा विस्कटत नसे. तिची माय हसऱ्या तोंडाची बाई होती. संध्याकाळी बाईंच्या खोलीत भाकरी-कालवण देताना तक्रार करायची, "बाई, काय करून ठिवलं माझ्या पोरीचं? चुलीपाशीबी उड्या मारून राह्यली. दुधाचं भगुनं लवंडलं काल." बाई म्हणायच्या, "किती उड्यांवर लवंडलं ते विचार की तिला." त्या घरात मंगलचे वडील, ज्यांना ती आण्णा म्हणे, तिचा धाकटा भाऊ बापू आणि पाळण्यातली तान्ही बहीण होती. बाई त्या घरात भाडेकरू आहेत हे नवख्या माणसाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला बाई घरच्या गणपतीच्या विसर्जनासाठी नांदेडला गेल्या आणि मी लोह्याला, माझ्या गावी. विसर्जनानंतरच्या पहाटे लोह्यालाही घर हललं, फळीवरची भांडी खाली आली. आम्हाला वाटलं, होतं असं कधीकधी. सकाळी रेडिओ लावला तेव्हा लातूरकडच्या गावांची नावं सांगत होते. ती नावं ऐकताना मी चहाचा कप हातात धरून उभा होतो आणि तो खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोह्याच्या नाक्यावर भाकरी आणि चादरी घेऊन निघालेल्या एका ट्रकला हात केला. वर चढलो तर चादरींच्या गठ्ठ्यावर बाई बसल्या होत्या, नांदेडहूनच चढलेल्या. त्या सरकल्या, मी शेजारी बसलो. अहमदपूर गेलं, लातूर गेलं, पाऊस लागला. गाव जवळ आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मंगलच्या मायनं जाताना मला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले होते. ते तसेच आहेत."

गाव दिसलंच नाही. जिथे गाव असायला हवं तिथे दगडांचे ढीग होते आणि ढिगांवर माणसं होती. शाळेचं छप्पर भिंतींसकट खाली बसलं होतं. मंगलचं घर कोणतं हे बाईंना ओळखता येईना, आणि त्या तर त्या घरात राहत होत्या. मंगल तेवढी वाचली होती. ती त्या रात्री चुलतीबरोबर आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, झोपायला गेली होती. चुलतीच्या पदराला धरून ती उभी होती, बाईंकडे पाहत. तिची माय, आण्णा, बापू, तान्ही, कुणीही नव्हतं. तोवर सगळ्यांना अग्नी देऊन झाला होता. पावसाने मैदान धुऊन निघालं होतं.

काही आठवड्यांनी मैदानाच्या कडेला पत्र्याचं शेड उभं राहिलं आणि शाळा सुरू करा असा निरोप आला. पोरं थोडी होती. जी होती ती भिंतीला टेकून बसायला तयार नव्हती. ट्रक गेला की शेडबाहेर पळायची. बाई दोन दिवस नुसत्या त्यांच्यात बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "असं चालायचं न्हाई सर. यांना यांचं काहीतरी जुनं परत द्यायला पाहिजे." रोगराई पसरू नये म्हणून गावात चुन्याची फक्की पोत्यांनी आली होती. त्यातलं घमेलंभर त्यांनी मागून आणलं, पदर खोचला, आणि त्याच जागी, शेडजवळच्या शून्यापासून हापशाच्या वीसपर्यंत रेघ ओढली. आकडे घातले. वाकून खडे वेचले. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी सरळ केलं होतं.

पोरं शेडच्या दारात गोळा झाली, पण पुढे येईना कुणी. बाईंनी मंगलला हाक मारली. "ये बाळा, तीनवर उभी राहा." मंगल आली, उभी राहिली. बाईंनी नेहमीची गोष्ट सुरू केली. चिमणी तीनवर बसलीय. तिनं चार उड्या घेतल्या. "सांग, कुठं जाईल?"

मंगल जागची हलली नाही. रेघेकडे पाहत, उत्तर येत असलेलं पोर ज्या आवाजात बोलतं त्याच आवाजात म्हणाली, "मायपाशी."

बाईंना कळलं नाही. मलाही नाही. बाई हसून म्हणाल्या, "आकडा सांग की, आकडा."

"सातवर माय हाय," मंगल म्हणाली. "आठवर आण्णा. बापू आन् तान्ही नववर, एकाच चादरीत."

तिला पोचवायला आलेली चुलती शेडच्या खांबाला धरून खाली बसली. तिनेच मग सांगितलं. त्या सकाळी ढिगाऱ्यांतून काढलेली माणसं ठेवायला गल्ल्यांमध्ये जागा नव्हती, सगळीकडे दगड. तेवढं एक मैदान मोकळं आणि सपाट होतं. तिथे ओळीने ठेवली, रेघेच्या कडेने, कारण रेघ सरळ होती. पाऊस अजून आला नव्हता, आकडे दिसत होते. आपलं माणूस शोधत येणाऱ्याला लोक सांगत होते, तुमचं चारवर हाय, तुमचं तेरावर बघा. "आमाला काय दुसरं ठावं होतं, बाई," चुलती म्हणाली, "गावाला त्येच पत्ते ठावं."

मी भूकंपानंतरचं सगळं पाहिलं आहे, पण त्या क्षणी बाईंइतकं हादरलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. बाई मटकन रेघेवर बसल्या आणि दोन्ही तळव्यांनी चुना पुसू लागल्या. पुसत पुसत हापशापर्यंत गेल्या. मी धरायला गेलो तर माझा हात झिडकारला. चुन्याने त्यांच्या हातांची सालं निघाली, पुढे कितीतरी दिवस त्यांना भाकरी मोडता येत नव्हती. त्या दिवशी एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा बोलत होत्या, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "मीच साफ करून ठेवली होती ती जागा. एक खडा म्हणून ठेवला न्हवता."

त्यानंतर बाईंनी रेघ ओढली नाही. उडीही मारली नाही. गावकरी जुन्या सवयीने उडीबाई म्हणत राहिले आणि त्या ओ देत राहिल्या, एवढंच. ज्यांनी पाठांतराचा जन्मभर तिटकारा केला त्याच बाई पोरांना पत्र्याखाली बसवून पाढे म्हणून घेऊ लागल्या, तासन्‌तास, मोठ्याने. मी न राहवून विचारलं तर म्हणाल्या, "आवाज होऊ द्या, सर. गप बसली की पोरं जमिनीला कान देतात." मंगलही पाढे म्हणायची. लिहिलेली बेरीज चटकन करायची. पण पुस्तकातलं एखादं उदाहरण आलं, कुणाजवळ आंबे आहेत, कुणी बाजाराला निघालंय, की पुस्तक मिटून ठेवायची. बाई ते पाहायच्या आणि पुढचा पाढा सुरू करायच्या. मग नवं गाव वसलं, सिमेंटची घरं झाली, माझी बदली हदगावकडे झाली.

पुढची भेट लातुरात. तोवर लातूरचं रूपच पालटलं होतं. बोर्डाच्या निकालात नाव गाजायला लागल्यावर साऱ्या मराठवाड्यातून आईबाप पोरं घेऊन तिकडे धावत होते. गल्लोगल्ली क्लास, क्लासखाली मेस, मेसवर वसतिगृह. मीही भाच्याच्या ॲडमिशनसाठी गेलो होतो. त्या प्रकाराचा मला मनस्वी संताप. गणित म्हणजे सूत्रं पाठ करायची आणि घड्याळ लावून सोडवायची, याला शिक्षण म्हणतात याचंच मला हसू यायचं. आणि तिथल्या एका नावाजलेल्या क्लासच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर, मांडीवर पिशवी घेऊन बाई बसलेल्या दिसल्या.

माझा विश्वासच बसेना. "बाई, तुम्ही? इथं?" त्या म्हणाल्या, "मंगल वर आहे. अकरावीला आली." वरून माईकवर कुणी सर सूत्रामागून सूत्र सांगत होते, मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हते. मी म्हणालो, "तुम्ही घातलंत तिला इथं? अहो, इथं किती कोरडं शिकवतात."

"हाव," बाई म्हणाल्या. "लई कोरडं."

एवढंच. त्यांच्या तोंडावर लाज नव्हती की पश्चात्ताप नव्हता. मी चहालाही थांबलो नाही. आपण ज्यांना देव मानलं ते माणूस बाजारात जाऊन बसलं, असं काहीसं मनात घेऊन परत आलो, आणि तो राग माझ्याकडे बरीच वर्षं मुक्कामाला होता. चिमण्या, आज्या, वासरं, सगळ्यावर पाणी सोडून बाई त्या जिन्यात बसल्या कशा, हे मला उमगत नव्हतं.

बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी निवृत्त होऊन नांदेडातच स्थायिक झालो होतो. त्यांच्या घरी गेलो. बैठकीच्या खोलीत माणसं बसली होती. दाराजवळच्या सतरंजीवर एक चाळिशीकडे झुकलेली बाई होती, चष्मा, साधी सुती साडी. तिने मला ओळखलं, मी तिला नाही. मंगल. लातुरात गणिताचे क्लास घेते म्हणाली, अकरावी-बारावीचे. मुलं खूप आहेत. मी म्हणालो, "म्हणजे त्या सरांचाच वारसा." ते बोलणं जरा कुजकं होतं, पण तिने मनावर घेतलं नाही.

"पहिल्या दिवशी मला घेऊन गेल्या ना, तेव्हा बाई त्या सरांशी दाराशी बोलल्या," ती म्हणाली. "मी आतून ऐकून राह्यले होते. म्हणल्या, हिला नुसते आकडे शिकवा. उदाहरणात माणूस घालू नका, कुठं जातंय, कुठं बसलंय, असलं काही सांगू नका. तुमचं ते कोरडंच पाहिजे हिला, म्हणून आणलीय. सरांना वाटलं असंल, काय येडी बाई आहे. पण सर, त्या वर्गात मला पहिल्यांदा बेरीज करताना कुणीच दिसलं न्हाई. नुसता आकडा. इतकं शांत वाटलं मला, काय सांगू."

बाईंना जन्मभर जे खरं वाटलं होतं ते त्यांनी त्या दारात स्वतःच्या हाताने मोडून दिलं होतं आणि मला त्यात बाजार दिसला होता.

"पण मग त्या जिन्यात का बसायच्या?" मी विचारलं. "वर का येत नव्हत्या?"

"शाळा सुटली की गाडीनं रोज यायच्या, मला वसतिगृहात सोडायला, पण त्या पहिल्या दिवसानंतर वर कधीच न्हाई. एकदा मी पाऊस होता म्हणून ओढलं, तर म्हणल्या, मी आले की तुला तिथं ते मैदान दिसायला लागंल. वसतिगृहातसुद्धा फाटकापर्यंतच. तोंडाकडं बघून बोलायच्या न्हाईत माझ्या. बारावीत गणितात पहिली आले. पेढे घेऊन इथं आले, याच घरी. कडी वाजवली तर बाई आतून उघडेनात. म्हणल्या, आधी तिथूनच सांग, मला बघितलं की तुला कोण दिसतं? खरं सांग."

"मग?"

"मी म्हणलं, बाई, तुम्हीच दिसता. दुसरं कुणी न्हाई. मग त्यांनी दार उघडलं. मला पोटाशी धरून लई रडल्या. त्यानंतर माझ्याशी पुन्हा पहिल्यासारख्या बोलायला लागल्या, लग्नात नाचल्या, माझं बाळंतपण केलं."

मी म्हणालो, बरं झालं. खरंच वाटलं मला तसं.

मंगलने चष्मा काढून पदराने पुसला. "खोटं बोलले होते सर मी," ती म्हणाली. "दार उघडलं तेव्हा माय दिसली. नंतरही दरवेळी मायच दिसायची. बाईंकडं पाहून मला दुसरं कुणी कधी दिसलंच न्हाई. पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी दार उघडलं नसतं."

ज्या दाराची ती गोष्ट सांगत होती ते आमच्या पाठीशीच होतं. आज ते सताड उघडं होतं आणि लोक चपला काढून आत येत होते.